आधी रक्ताची सोय, मग हाड

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, वॉर्डाबाहेर बाकड्यांवर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. नडगीचं हाड उघडं दिसतंय आणि डॉक्टर दोन-दोन दिवसांनी नुसती जखम धुताहेत, प्लेट बसवणार कधी? शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मांडीची कातडी काढून लावली आणि तो घरीही गेला. मग आमच्या मुलाच्या पोटरीचं मांस फिरवायचं कशाला? आणि पेडण्याहून, नाहीतर पलीकडे सावंतवाडी-दोडामार्गहून आलेली एखादी आई हमखास म्हणते, "डॉक्टर, माझी कातडी घ्या, पण त्याला आणखी दुखवू नका."

राउंडच्या धावपळीत या प्रश्नांची उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात आणि तीही 'ग्राफ्ट', 'फ्लॅप', 'नॉन-युनियन' अशा शब्दांत. आईच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. बाकीच्या प्रश्नांच्या मुळाशी खरं तर एकच गोष्ट आहे. एका जागचा तुकडा दुसऱ्या जागी नेला की त्याला रक्त कुठून मिळणार? तुकडा कातडीचा असो, मांसाचा असो की हाडाचा, सर्जन आधी हे बघतो. तो कुठून काढायचा, कसा बसवायचा, किती दिवस थांबायचं, हे सगळं त्यातून ठरतं.

दोन शब्द आधीच सांगून टाकतो, कारण ते पुढे सारखे येणार आहेत. शरीरापासून पूर्ण सुटा करून दुसरीकडे ठेवलेला तुकडा म्हणजे ग्राफ्ट. त्याच्यासोबत स्वतःची रक्तवाहिनी नसते. ठेवलेल्या जागेतून रक्त मिळालं तर तो जगतो, नाही मिळालं तर काळा पडतो. आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येणारा तुकडा म्हणजे फ्लॅप.

मांडीची कातडी

सगळ्यात जास्त होते ती स्किन ग्राफ्टिंग. मांडीवरून डर्माटोम नावाच्या यंत्राने कातडीचा फक्त वरचा थर सोलून घेतात. जाडी साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे पलीकडचं अंधुक दिसेल इतका पातळ. मांडीवर उरलेल्या थरात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत राहतात. त्यांच्यातल्या पेशी पसरून दोनेक आठवड्यांत मांडी पुन्हा झाकून टाकतात. टाके लागत नाहीत. गंमत अशी की दुखते ती ही मांडीच. ज्या जखमेसाठी एवढं केलं, तिच्यापेक्षा मांडीची आग जास्त होते, आणि हे आधी कोणी सांगितलेलं नसलं की पेशंट घाबरतो.

कातडी कमी आणि जखम मोठी असेल तर त्या थराला यंत्रातून बारीक चिरा पाडून जाळीसारखं ताणतात. भोकं नंतर कडांनी भरून येतात. जाळीचा नमुना मात्र पुढे कायम दिसत राहतो. चेहऱ्यासाठी किंवा बोटांच्या सांध्यासाठी हे चालत नाही, कारण पातळ ग्राफ्ट भरताना आक्रसतो. अशा ठिकाणी कानामागची किंवा जांघेतली पूर्ण जाडीची कातडी घेतात. ती कमी आक्रसते, पण जिथून काढली तिथे टाके घालून जागा बंद करावी लागते, त्यामुळे ती मोठ्या तुकड्याने मिळत नाही.

लावलेला ग्राफ्ट पहिले दिवस कसा जगतो ते आपल्याकडच्या भाताच्या लावणीवरून पटकन कळतं. तरवा उपटून चिखलात खोवला की पहिले एक-दोन दिवस तो अंगातल्या ओलीवर तगून असतो. मुळं नंतर धरतात. त्याआधी बांध फुटून पाणी चढलं तर सगळा तरवा तरंगून वर येतो. कातडीचंही तसंच. पहिले २४ ते ४८ तास ती जखमेतून पाझरणारा द्रव शोषून टिकते. मग जखमेतल्या केशवाहिन्यांची आणि कातडीतल्या वाहिन्यांची तोंडं एकमेकांना मिळू लागतात. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत तिच्यात नीट रक्त फिरायला लागतं. या काळात तिच्याखाली रक्त किंवा पू साचला, अथवा पट्टीखाली ती किंचित जरी सरकली, तरी जुळत आलेल्या वाहिन्या तुटतात.

म्हणून पहिली पट्टी पाच दिवसांच्या आसपास उघडतात. "चार दिवस झाले, ड्रेसिंगसुद्धा बदलत नाहीत," ही तक्रार प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. त्या चार दिवसांत पट्टीला कोणी हात न लावणं हाच उपचार असतो.

हा सगळा हिशेब रक्त देणाऱ्या जमिनीवर उभा आहे. मांसावर ग्राफ्ट धरतो. बऱ्या होणाऱ्या जखमेतल्या लाल, दाणेदार पेशींवर छान धरतो. हाडावरचं पातळ आवरण शिल्लक असेल तर तिथेही धरतो. पण ते आवरण निघून पांढरं, कोरडं हाड उघडं पडलं असेल, किंवा आवरण गेलेलं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, समोर असेल, तर तिथे कितीही सुरेख कातडी लावा, आठवड्यात ती काळी पडून निघणार. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जे चाललं ते आपल्या मुलाला का चालत नाही, याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी हे असतं.

नडगी

समजा, पेडण्याचा एक मुलगा स्कूटरवरून वेर्ण्याच्या कारखान्यात ड्युटीला निघालाय. पावसाचे दिवस, महामार्गावर कुठेतरी खड्डा, समोर टेंपो. नडगी मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं, आणि जखमेत आपली तांबडी माती भरली. गोव्यात दुचाक्या किती आहेत हे कोणाला सांगायला नको. हाडांच्या डॉक्टरांना ही जखम फार ओळखीची आहे.

हाताने आपलीच नडगी चाचपून बघा. पुढच्या आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागतं, मध्ये मांस नाहीच. मांडीचं हाड मोडलं तर त्याच्याभोवती सगळीकडून स्नायू असतात. त्या स्नायूंतून रक्त मिळतं, जंतूंशी लढायला पेशी मिळतात. नडगीला ती सोय एका बाजूने मुळातच नाही. कातडी फाटली की हाड उघडं पडतं आणि वरचं आवरण सोललं गेलं की ते सुकायला लागतं.

म्हणून पहिल्या दिवशी होतं ते अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जखम सढळ हाताने धुऊन मेलेलं मांस, मेलेली कातडी, सुटे पडलेले हाडाचे तुकडे काढून टाकणं. याला डिब्राइडमेंट म्हणतात. मेलेल्या मांसापर्यंत रक्त जात नाही, मग अँटिबायोटिकही पोचत नाही, आणि जंतू तिथेच बस्तान मांडतात. कोणतं मांस जगणार हे पहिल्या दिवशी नक्की दिसत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा उघडून बघावं लागतं. नातेवाइकांना वाटतं नुसतं धुणं चाललंय. माझ्या मते सगळ्या उपचारात सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी कौतुक होणारा भाग हाच.

तोवर हाड जागेवर धरायला बऱ्याचदा बाहेरून सळ्या बसवतात, एक्स्टर्नल फिक्सेटर. घाणेरड्या जखमेत प्लेट घातली तर जंतू धातूवर थर करून बसतात आणि मग धातू काढल्याशिवाय हटत नाहीत. 'प्लेट कधी' याचं उत्तर म्हणजे, जखम स्वच्छ झाली आणि तिच्यावर जिवंत आवरण घालायची तयारी झाली की.

हे जिवंत आवरण म्हणजे फ्लॅप. नडगीच्या बाबतीत सर्जनांचा जुना ठोकताळा आहे. गुडघ्याजवळच्या वरच्या तिसऱ्या भागात जखम असेल तर पोटरीच्या वरच्या मोठ्या स्नायूचा एक भाग सोडवून पुढे फिरवायचा. मधल्या भागात असेल तर त्याच्या आतला, सोलियस नावाचा स्नायू वापरायचा. फिरवलेल्या स्नायूची रक्तवाहिनी मुळाशी तशीच जोडलेली असते, त्यामुळे तो उघड्या हाडावरही जगतो, आणि त्याच्यावर मांडीची पातळ कातडी लावता येते. म्हणजे ग्राफ्ट होतोच, फक्त त्याच्याआधी त्याच्यासाठी जमीन तयार होते. पोटरीतला एक स्नायू गेल्याने माणूस लंगडा होत नाही, बाकीचे स्नायू काम भागवतात.

घोट्याजवळच्या खालच्या भागात मात्र फिरवायला पुरेसं मांसच नसतं, तिथे नुसते टेंडन आणि कातडी. तिथे बहुतेक वेळा दुसरीकडचा तुकडा पूर्ण सुटा करून आणावा लागतो. स्लोव्हेनियातले सर्जन मार्को गोदिना यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेकडो रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं की अशा जखमा पहिल्या ७२ तासांत झाकल्या तर फ्लॅप आणि हाड दोन्ही जास्त वाचतात. सगळीकडे ते जमतंच असं नाही. रुग्ण स्थिर हवा, थिएटर हवं, टीम हवी. पण महिनाभर बाहेर औषधपाणी करून मग बांबोळीला येण्यात काय जातं, ते त्यावरून समजावं.

दोन डोळ्यांमधली पट्टी

फ्लॅपची युक्ती नवी नाही आणि बाहेरची तर मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची पद्धत आहे. पण मला जास्त आवडते ती पुण्याजवळची गोष्ट. कावसजी नावाचा एक मराठी माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघायला हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. आपल्या पणजीत वैद्यकीय शाळा निघाली ती १८४२ साली, गोमेकॉची परंपरा तिथूनच येते. हे नाक त्याच्या सुमारे ५० वर्षं आधीचं.

त्या वर्णनातली पद्धत वाचण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या आकाराला बेतायचा. मग सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी कपाळाला जोडलेली ठेवायची. त्या पट्टीतून रक्त चालू राहतं. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या घड्यांवर लावून तो वरून ठेवायचा, हो, पानाला लावतात तोच कात. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी, नवं नाक खालच्या मांसातून रक्त घ्यायला लागल्यावर, ती पट्टी कापायची.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ही बातमी वाचून १८१४ साली तसं ऑपरेशन केलं आणि तिथून ते युरोपभर गेलं. आजही कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर कपाळाचाच फ्लॅप वापरतात आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. भूल आली, अँटिबायोटिक आली, मायक्रोस्कोप आला, पण शरीराला नव्या जागी रक्ताची सोय करायला लागणारे दिवस जवळपास तेवढेच राहिले. त्या अनाम कारागिराला रक्तवाहिन्यांची नावं माहीत असण्याचा संभव कमी. पट्टी तोडली की नाक मरतं, हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

पट्टी ठेवायची म्हटल्यावर तुकडा फार लांब नेता येत नाही. ही अडचण सुटली ती मायक्रोसर्जरीने. मांडीचा किंवा पाठीचा तुकडा त्याच्या धमनी आणि शिरेसकट पूर्ण सोडवून घोट्याजवळ नेतात आणि त्या वाहिन्या तिथल्या वाहिन्यांना शिवतात. वाहिनीची जाडी एक ते तीन मिलिमीटर, दोरा केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. सगळं मायक्रोस्कोपखाली. असं ऑपरेशन सहा-आठ तास सहज चालतं, कधी जास्तही.

खरी धाकधूक त्यानंतर असते. पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला येऊन फ्लॅप बघते, बोटाने दाबून रंग परत येतो का ते पाहते, हाताला ऊब लागते का ते तपासते. फिकट आणि गार पडला तर रक्त आत येत नाही. निळा-जांभळा होऊन फुगला तर रक्त आत येतंय पण बाहेर जात नाही, म्हणजे शिरेत गुठळी. काही झालं तर रुग्णाला तातडीने परत थिएटरमध्ये न्यावं लागतं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. अनुभवी केंद्रांत १०० पैकी ९५ च्या आसपास फ्लॅप जगतात, ते या पहाऱ्यामुळे. तुंबलेलं रक्त ओढून घ्यायला काही ठिकाणी अजूनही जळवा लावतात. त्या खास पाळलेल्या असतात, पावसात म्हादईच्या रानात पायाला चिकटणाऱ्या नव्हेत. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो.

हाड भरणं

आवरण झालं, आता हाड. मोडलेलं हाड साधारणपणे आपलं आपण जुळतं. पण अपघातात मधला तुकडाच निघून गेला असेल, किंवा महिने उलटूनही जुळत नसेल (हेच ते 'नॉन-युनियन'), तर फटीत हाड भरावं लागतं. ते घ्यायची नेहमीची जागा म्हणजे कमरेच्या हाडाची कड, जिच्यावर आपण पँट अडकवतो. आतलं हाड सच्छिद्र असतं, ते खरवडून बारीक दाण्यांसारखं घेतात.

या दाण्यांत तीन गुण असतात. एक, जिवंत पेशी, ज्या नवं हाड तयार करतात. दुसरा, आसपासच्या पेशींना 'हाड व्हा' असा इशारा देणारी प्रथिनं. अमेरिकी सर्जन मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवलं की, कॅल्शियम काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं. त्या इशाऱ्याचा शोध असा लागला. तिसरा गुण म्हणजे सच्छिद्र सांगाडा, ज्यावरून नव्या वाहिन्या आणि पेशी सरकत पुढे जातात. स्वतःच्या हाडात तिन्ही असतात. दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं हाड मुख्यतः सांगाडा देतं. कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे तर फक्त सांगाडाच.

शरीर हा ग्राफ्ट जसाच्या तसा ठेवत नाही. तो हळूहळू पोखरून काढतं आणि मागोमाग नवं हाड घालत जातं. सच्छिद्र हाडात वाहिन्या काही आठवड्यांत शिरतात. टणक हाडाचा तुकडा असेल तर हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि मधले काही महिने तो तुकडा सुरुवातीपेक्षा कमकुवत असतो. एक्स-रेत 'हाड भरलेलं' दिसत असताना डॉक्टर पायावर भार देऊ देत नाहीत, ते यामुळे.

फट मोठी असेल, साधारण सहा सेंटिमीटरच्या वर, तर नुसते दाणे भरून भागत नाही. मधल्या दाण्यांपर्यंत रक्त पोचण्याआधीच ते विरून जातात. त्यावर फ्रान्सचे सर्जन मास्कले यांची दोन टप्प्यांची युक्ती आहे. फटीत आधी बोन सिमेंटचा ठोकळा ठेवतात, त्यात अँटिबायोटिक मिसळलेलं. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या परक्या ठोकळ्याभोवती एक पडदा तयार करतं. तो पडदा रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. मग पडदा अलगद उघडून सिमेंट काढतात, आत हाडाचे दाणे भरतात आणि पडदा पुन्हा शिवतात. आता रक्त चहूबाजूंनी मिळतं. सिमेंटचा ठोकळा घालून घरी पाठवलेल्या रुग्णाला अनेकदा वाटतं की आपलं काम अर्धवट सोडलं. ते अर्धवटच असतं, पण मुद्दाम.

दुसरी वाट सोव्हिएत रशियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची. निरोगी भागात हाड कापून बाहेरच्या कड्यांच्या चौकटीने रोज एक मिलिमीटर सरकवायचं, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून. मागे राहिलेल्या जागेत नवं हाड होत जातं. सहा सेंटिमीटरला नुसतं सरकवायलाच दोन महिने, आणि ते पक्कं व्हायला त्याहून जास्त. ही चौकट घेऊन महिनोन् महिने घरात वावरणं, कपडे, झोप, न्हाणीघर, सगळ्याची फार परीक्षा असते. पण कमरेचं हाड काढावं लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे हाडाचाच फ्लॅप. नडगीच्या बाजूला बारीक फिब्युला असतो. शरीराचा भार मुख्यतः नडगी घेते, फिब्युला थोडासाच. त्यामुळे घोट्याजवळचे आणि गुडघ्याजवळचे सहा-आठ सेंटिमीटर ठेवून मधला लांब तुकडा रक्तवाहिनीसकट काढता येतो. मेलबर्नचे इयन टेलर आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली पहिल्या अशा शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. हा तुकडा मुळातच जिवंत असतो, म्हणून तो विरत नाही. मोडलेलं हाड जुळावं तसा तो दोन्ही टोकांना जुळतो, आणि भार पडू लागला की हळूहळू जाडही होतो.

हाच फिब्युला आता सर्वात जास्त लागतो तो जबड्यासाठी. तंबाखू-गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला की हनुवटी आत जाते, लाळ गळते, जेवता-बोलता येत नाही. फिब्युला दोन-तीन ठिकाणी कापून जबड्याच्या वळणाने बसवतात, गळ्यातल्या वाहिन्यांना जोडतात आणि त्याच्यासोबत आणलेल्या कातडीने तोंडाचं आतलं अस्तर करतात. पुढे त्या हाडात दातांची इम्प्लांटही बसू शकतात. "पायातलं हाड काढल्यावर मी चालणार कसा?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेक जण काही आठवड्यांत आधाराशिवाय चालतात, घोटा मात्र काही काळ ताठर वाटतो.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांमध्ये हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरतात ते बहुधा आठ ते अकराव्या वर्षी, सुळा उतरण्याआधी. उतरणाऱ्या सुळ्याला हाड लागतं आणि सुळा आल्यावर ते हाड टिकून राहतं. पालकांनी ही वेळ चुकवू नये.

आईची कातडी

आता त्या आईचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोला भाजलेल्या एका तरुणीवर डॉक्टर गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी तिच्या भावाच्या कातडीचे बारीक तुकडे लावले. आधी ते धरले, मग निघून गेले. पुन्हा भावाचेच तुकडे लावले, ते आणखी लवकर गेले. शरीराने परक्या कातडीची ओळख लक्षात ठेवली होती. मेडावर यांच्या या वाटेवरच्या कामाला १९६० साली नोबेल मिळालं. आईची असो वा भावाची, एकसारख्या जुळ्याखेरीज कोणाचीही कातडी कायमची टिकत नाही. मूत्रपिंडासाठी देतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जखमी, जंतुसंसर्गाच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला फक्त कातडीसाठी देणं परवडत नाही.

पण न टिकणारी कातडीही जीव वाचवते. अंगाचा अर्ध्याहून जास्त भाग भाजलेल्या माणसाकडे स्वतःची कातडीच उरत नाही. मृत्यूनंतर दान केलेली कातडी त्याला दोन-तीन आठवडे झाकून ठेवते. पाणी आणि प्रथिनं वाहून जात नाहीत, जंतू आत येत नाहीत, वेदना कमी होतात. तोवर त्याच्या वाचलेल्या भागावरून पुन्हा कातडी काढता येते. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी स्किन बँक आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये चार अंश तापमानात ती पाच वर्षांपर्यंत टिकते.

दुसऱ्याचं हाड चालतं, कारण त्यातल्या पेशी प्रक्रियेत काढून टाकलेल्या असतात आणि उरतो तो निर्जीव सांगाडा. त्याला विरोध करायला शरीराला फारसं काही सापडत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत असं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा आला तेव्हा तो केंद्रशासित प्रदेशांखेरीज गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश या तीनच राज्यांना सुरुवातीपासून लागू होता. २०११ च्या दुरुस्तीने त्यात हाड, कातडी यांसारख्या ऊतींचाही समावेश झाला.

घरच्यांच्या हातात काय

अपघातात कातडी किंवा बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, तुकडा थेट बर्फावर नको. सोललेली कातडी साफ करून ग्राफ्ट म्हणून परत लावता येते. जखमेवर हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही लावू नका, कारण ते सगळं नंतर खरवडून काढावं लागतं.

विडी-सिगारेट बंद म्हणजे बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि नवा फ्लॅप त्याच वाहिन्यांवर जगत असतो. तंबाखूची गोळी 'धूर नसतो' म्हणून चालत नाही, निकोटीन तेच. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी निदान चार आठवडे सोडलेलं बरं. भेटायला येणाऱ्या मित्रांनी पेशंटला व्हीलचेअरवरून बाहेर नेऊन एक झुरका देणं ही मैत्री नव्हे. साखर आटोक्यात हवी. आणि आंबट खाल्लं की पू होतो, अंडं-मासे गरम पडतात, म्हणून पेजेवर ठेवलेला पेशंट लवकर बरा होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाने मनाई केली नसेल तर नुस्त्याची (माशांची) कढी आणि अंडी खुशाल द्या.

घरी गेल्यावर ग्राफ्ट लावलेल्या कातडीला घाम येत नाही आणि तेलही सुटत नाही, म्हणून ती कोरडी पडून भेगाळते. ती पूर्ण भरली की दिवसातून दोन-तीनदा खोबरेल लावून हलक्या हाताने चोळावं, उन्हात झाकावं, सांगितला असेल तर घट्ट मोजा वर्षभर घालावा. तिथे स्पर्श कमी कळतो, त्यामुळे गरम पाणी आणि दुचाकीचा सायलेन्सर यांपासून जपावं लागतं. घोट्यावरचा फ्लॅप सुरुवातीला चांगलाच जाड दिसतो. सूज काही महिने ओसरत राहते आणि गरज पडली तर सहाएक महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने तो बारीक करतात. तोपर्यंत त्या पायासाठी पट्टा सैल करता येणारी, एक नंबर मोठी चप्पल घ्यावी.